गावात बंद पडणारे ॲप : कारणांचा शोध आणि उपाय

गावाच्या कारभारातील वही हळूहळू मोबाईलमध्ये जाऊ लागली आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचा कार्यक्रम राज्यभर सुरू झाला आणि शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाईलवरून करावी, ही पद्धत रूढ होऊ लागली. अंगणवाड्यांच्या नोंदींसाठी त्याच वर्षी पोषण ट्रॅकर हे ॲप आले. रोजगार हमीच्या कामांवरील मजुरांची हजेरी, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, छायाचित्रासह मोबाईलवर घेणे १ जानेवारी २०२३ पासून देशभर बंधनकारक करण्यात आले.

वहीचे पान फाटले तर ते दिसते. शाई सांडली तर डाग राहतो. ॲप मध्येच बंद पडते तेव्हा मात्र पडदा क्षणभर रिकामा होतो आणि कर्मचाऱ्याच्या हाती कोणताही पुरावा उरत नाही. नोंद झाली नाही, तर त्या नोंदीवर अवलंबून असलेला मजुराचा रोज, बालकाचा आहार किंवा पिकाची भरपाई अडचणीत येते. म्हणूनच ॲप का बंद पडते, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहत नाही. प्रस्तुत भाषणाचा विषय तोच आहे. कोणत्याही एका ॲपचे गुणदोष सांगण्याचा हेतू येथे नाही. कार्यालयात उत्तम चालणारे ॲप गावात गेल्यावर का अडते आणि त्याचे कारण कसे शोधावे, एवढाच विचार करावयाचा आहे.

दोन बिल्डमधील भेद

अभियंता आपल्या टेबलावर जे ॲप चालवून पाहतो ते आणि लोकांच्या फोनवर जे पोहोचते ते, ही दोन्ही एकच नसतात, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. पहिल्याला डीबग बिल्ड म्हणतात. चुका शोधणे सुलभ व्हावे म्हणून त्यात आज्ञावली जशीच्या तशी ठेवलेली असते आणि काही निर्बंधही सैल असतात. लोकांना दिले जाते ते रिलीज बिल्ड. ते आकाराने लहान व वेगवान केलेले असते, त्यावर वेगळी डिजिटल सही असते आणि सुरक्षिततेचे नियम त्यास पूर्णपणे लागू होतात. रिकामी बैलगाडी अंगणात फिरवून पाहणे वेगळे आणि ऊस भरून ती चढावर नेणे वेगळे. पुष्कळशा तक्रारींचे मूळ या भेदात आहे.

आकार कमी करताना होणारी चूक

अँड्रॉइडचे रिलीज बिल्ड तयार होताना आर-८ नावाचे साधन आज्ञावलीतील न वापरलेले भाग काढून टाकते आणि उरलेल्या भागांची लांब नावे ‘ए’, ‘बी’ अशी आखूड करते. पूर्वी हे काम प्रोगार्ड हे साधन करीत असे. २०१९ पासून आर-८ हेच नेहमीचे साधन झाले. ते आपले काम चोख करते. परंतु जे भाग नावाने हाक मारून, ॲप चालू असतानाच, वापरले जातात ते त्यास दिसत नाहीत.

समजा, सर्व्हरकडून लाभार्थ्याची माहिती येते आणि तिच्यातील रकाना ‘नाव’ या शब्दाने ओळखला जातो. ॲपमधील त्याच रकान्याचे नाव आर-८ने ‘ए’ असे केले, तर दोघांची गाठ पडत नाही. रकाना रिकामा राहतो, पुढील आज्ञा त्या रिकाम्या रकान्यावर काम करू पाहते आणि ॲप बंद पडते. डीबग बिल्डमध्ये नावे बदललेली नसल्याने हा दोष तेथे कधीच दिसत नाही. कोणती नावे बदलू नयेत व कोणते भाग काढू नयेत, याचे नियम आर-८ला लिहून देणे हा त्यावरील उपाय होय. कारण निश्चित करण्यासाठी आर-८ तात्पुरते बंद करून पाहणे योग्य आहे. ते कायमचे बंद ठेवणे म्हणजे मात्र रोग तसाच ठेवून तापमापक फेकून देण्यासारखे आहे.

परवानगी, जाळे आणि सही

काही वेळा ॲप बंद पडत नाही, पण माहितीही आणत नाही. फ्लटर या साधनाने तयार होणाऱ्या प्रकल्पात इंटरनेट वापरण्याची परवानगी डीबग बिल्डसाठी आपोआप लिहिलेली असते. मुख्य घोषणापत्रात ती अभियंत्यास स्वतः लिहावी लागते. ती राहिली, तर टेबलावर सर्व काही ठीक चालते आणि गावात मात्र यादी रिकामी येते. कर्मचारी रेंजला दोष देत टेकडीवर चढतो. दोष असतो एका ओळीचा.

असाच दुसरा प्रकार असुरक्षित पत्त्याचा. २०१८ साली आलेल्या अँड्रॉइड ९ पासून, त्या वा त्यापुढील आवृत्तीला अनुसरून बनवलेल्या ॲपला ‘एचटीटीपी’ हा कूटबद्ध नसलेला मार्ग मुळातच बंद असतो. ‘एचटीटीपीएस’ वापरावा लागतो. चाचणीच्या वेळी ही बंदी शिथिल केलेली असल्यास दोष रिलीजनंतरच उघडकीस येतो.

तिसरा प्रकार सहीचा आहे. नकाशा दाखवणे अथवा गूगल खात्याने प्रवेश देणे, या सेवा ॲपची सही पाहूनच उत्तर देतात. डीबग बिल्डची सही एक, अभियंत्याने प्ले स्टोअरकडे पाठवलेल्या बिल्डची दुसरी आणि प्ले स्टोअर ॲपवर स्वतः जी सही करते ती तिसरी. लोकांच्या फोनवर जाते ती तिसरी. तिची नोंद संबंधित सेवेकडे केलेली नसेल, तर नकाशाच्या जागी करडा चौकोन दिसतो आणि प्रवेश नाकारला जातो.

मराठी फोन आणि आकडे

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक कारण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. फोनची भाषा मराठी ठेवली असता अँड्रॉइड प्रणाली देवनागरी अंक हेच त्या भाषेचे नेहमीचे अंक मानते. हिंदीसाठी मात्र ती आंतरराष्ट्रीय अंक वापरते. त्यामुळे इंग्रजी वा हिंदी फोनवर निर्वेध चालणारे ॲप मराठी फोनवर अडू शकते.

शेताचे स्थान नोंदवताना ॲपने अक्षांश ‘१९.०७’ असा देवनागरीत लिहिला, तर माणसास तो सहज कळतो. परंतु जावा भाषेतील दशांश संख्या वाचणारी नेहमीची आज्ञा देवनागरी अंक ओळखत नाही. ती ‘ही संख्या नव्हे’ असा दोष नोंदवते आणि ॲप बंद पडते. दिनांकाचेही तसेच. देवनागरीत लिहिलेला दिनांक सर्व्हर परत पाठवू शकतो. येथे भाषा बदलण्याचा सल्ला देणे हा उपाय नव्हे. माणसाने वाचावयाचे आकडे मराठीत दाखवावेत आणि यंत्राने वाचावयाचे आकडे भाषानिरपेक्ष पद्धतीने लिहावेत, हा भेद आज्ञावलीत पाळला पाहिजे. मराठी फोनवरील चाचणी हा चाचणीचा अनिवार्य भाग मानला पाहिजे.

लहान फोन आणि जुनी नोंद

ॲपमधून छायाचित्र घेताना फोन कॅमेऱ्याचे वेगळे ॲप उघडतो. कमी मेमरीच्या फोनवर कॅमेऱ्यास जागा देण्यासाठी प्रणाली मागे राहिलेले ॲप बंद करते. सेविका छायाचित्र घेऊन परत येते, तेव्हा भरलेला तक्ता रिकामा झालेला असतो किंवा ॲप कोसळते. अभियंत्याच्या मोठ्या फोनवर हे सहसा घडत नाही. कॅमेरा उघडण्यापूर्वीच नोंद फोनमध्ये साठवणे, हा त्यावरील उपाय आहे. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, मागे गेलेले पान लगेच बंद करण्याची सोय असते. ती चालू करून हा दोष टेबलावरही पाहता येतो.

दुसरा धोका अद्ययावत करण्याचा. अभियंता बहुधा जुने ॲप काढून नवे घालतो. गावात मात्र नवे ॲप जुन्यावरच बसते. नव्या आवृत्तीत नोंदवहीची रचना बदलली आणि जुन्या नोंदी नव्या रचनेत आणण्याची पायरी लिहिली नाही, तर ॲप उघडताक्षणी बंद होते. ही अडचण टाळण्यासाठी जुनी नोंदवही पुसून नवी सुरू करण्याचा सोपा मार्ग काही वेळा पत्करला जातो. तसे केल्यास ॲप चालू होते, परंतु सर्व्हरकडे न पोहोचलेल्या नोंदी नाहीशा होतात. तक्रार थांबते आणि नुकसान राहते. जुन्या आवृत्तीत काही नोंदी भरून, तिच्यावर नवी आवृत्ती बसवून पाहिल्याखेरीज रिलीज करू नये.

पुरावा कसा वाचावा

ॲप कोसळताना आपल्यामागे एक पंचनामा ठेवते. त्यास स्टॅक ट्रेस म्हणतात. दोषाचा प्रकार कोणता, तो कोणत्या आज्ञेवर घडला आणि तेथपर्यंत कोणत्या क्रमाने पोहोचले, हे त्यात असते. वाचणाऱ्याने सर्वांत खोलवर दिलेले मूळ कारण प्रथम पाहावे आणि त्यात स्वतःच्या ॲपच्या नावाची पहिली ओळ शोधावी. फोन संगणकास जोडून लॉगकॅट या सोयीने हा पंचनामा पाहता येतो. दूरच्या फोनांवरील पंचनामे प्ले कन्सोलमध्ये एकत्र होतात.

रिलीज बिल्डमध्ये नावे बदललेली असल्याने त्या पंचनाम्यात ‘ए’, ‘बी’ एवढेच दिसते. त्याचा उलगडा मॅपिंग फाइलने होतो. ही फाइल प्रत्येक बिल्डबरोबर नव्याने तयार होते आणि त्याच बिल्डला लागू पडते. ती जपून ठेवली नाही, तर पुरावा असूनही वाचता येत नाही. यास्तव प्रत्येक आवृत्तीची मॅपिंग फाइल दप्तरी ठेवणे, हा ॲप करून घेणाऱ्या कार्यालयाने करारातच घालण्याजोगा नियम आहे.

गूगल प्लेने यासाठी मर्यादाही ठरवली आहे. दिवसभरात ॲप वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्के वा अधिक लोकांसमोर ते कोसळत असेल, तर ते सदोष गणले जाते. ॲप पाच सेकंद स्पर्शास उत्तर न देता गोठले, तर तोही दोष होय व त्याची मर्यादा ०.४७ टक्के आहे.

दोष बाहेरचा असतो तेव्हा

नवी आवृत्ती आलेली नसताना ॲप एकाएकी कोसळू लागले, तर नजर बाहेर वळवावी. ६ मे व १० जुलै २०२० या दिवशी आयफोनवरील अनेक नामांकित ॲप उघडताच बंद पडू लागली. त्या सर्वांत फेसबुकचा एक तयार भाग वापरलेला होता आणि त्यास फेसबुकच्या सर्व्हरकडून आलेले उत्तर पेलले नाही. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडवर असाच प्रसंग आला. वेबव्ह्यू या सामायिक भागाच्या सदोष आवृत्तीमुळे जगभर ॲप कोसळली आणि गूगलने दुरुस्त आवृत्ती दिल्यावर ती पूर्ववत झाली. दोन्ही वेळी त्या त्या ॲपच्या आज्ञावलीत काहीही बदल झालेला नव्हता. सर्व्हर कोणतेही उत्तर देवो, ॲपने त्याची तपासणी करूनच ते स्वीकारावे, हा यातील बोध होय.

गावपातळीवर काय करावे

ॲप बंद पडले की ते काढून पुन्हा घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. न पाठवलेल्या नोंदी फोनमध्ये असतील, तर हा सल्ला घातक आहे; ॲप काढताच त्या सहसा पुसल्या जातात. ‘डेटा पुसा’ हे बटण दाबल्यासही तोच परिणाम होतो. ‘कॅशे पुसा’ हे निराळे असून त्याने सामान्यतः नोंदी जात नाहीत. प्रथम फोन बंद करून सुरू करावा, मोकळी जागा पाहावी, नवी आवृत्ती आली आहे काय ते पाहावे आणि त्या दिवसाची नोंद कागदावर दिनांक-वेळेसह लिहून ठेवावी.

‘ॲप चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून कारण सापडत नाही. फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची व ॲपची आवृत्ती, फोनची भाषा, घटनेची वेळ, उघडे असलेले पान, शेवटी दाबलेले बटण आणि त्या वेळी रेंज होती की नाही, या बाबी कळवाव्यात. छायाचित्र पाठवताना लाभार्थ्याचा आधार क्रमांक वा बँक खाते दिसणार नाही, याची काळजी घ्यावी. तालुक्याच्या अधिकाऱ्याने अशा तक्रारी एका तक्त्यात मांडल्या, तर एकाच मॉडेलचे किंवा एकाच भाषेचे फोन अडत आहेत, हे चटकन ध्यानी येते.

ॲप देणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळली पाहिजेत. नवी आवृत्ती प्रथम थोड्या लोकांस द्यावी, दोन दिवस पंचनामे पाहावेत आणि मगच ती सर्वांस खुली करावी. दोष आढळल्यास वितरण थांबवता येते. परंतु ज्यांच्या फोनवर ती गेली, त्यांना प्ले स्टोअरमधून मागील आवृत्तीवर नेता येत नाही. त्यांच्यासाठी पुढील क्रमांकाची दुरुस्त आवृत्तीच काढावी लागते. म्हणून नोंदीच्या अंतिम मुदतीच्या आदल्या दिवशी नवी आवृत्ती काढू नये.

शेवटी एक प्रशासकीय तत्त्व सांगितले पाहिजे. नोंद आली नाही, म्हणजे काम झाले नाही, असा निष्कर्ष घाईने काढला जाऊ नये. नोंद न येण्याची कारणे यंत्रातही असतात आणि ती शोधून काढता येतात. तोपर्यंत वेळेवर लिहिलेल्या कागदी टिपणास मान्यता मिळाली, तर दिवसभर उन्हात माती उचललेल्या मजुराचा रोज एका आज्ञेच्या चुकीपायी बुडणार नाही.