फिकट शिक्का जपताना
(ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी काहींच्या घरी आई-वडिलांचे जुने पासपोर्ट असतील आणि आत, इथे उतरल्याच्या तारखेचा फिकट शिक्का. ती नुसती आठवण नव्हे. १ जानेवारी १९७३ पूर्वी राष्ट्रकुल देशांतून येऊन इथे स्थायिक झालेल्यांना विंडरश योजनेखाली आपल्या हक्काचा दाखला मागता येतो. त्यांत भारतीयही आले. त्या पिढीची लँडिंग कार्डे गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली, हे २०१८ मध्ये उघड झाले. कागद टाकले सरकारने आणि पुरावा मागितला माणसांकडे! म्हणून घरातला कागद जपायला हवा आणि त्याची प्रतही नीट काढायला हवी.

मी ओळखीच्या ज्येष्ठांची कागदपत्रे स्कॅन करून देतो. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

एक, 'ब्लॅक अँड व्हाइट' निवडू नका. त्यात प्रत्येक ठिपका काळा तरी ठरतो नाहीतर पांढरा. फिकट जांभळी शाई पांढऱ्यात जमा होते आणि शिक्का गायब! 'कलर'च ठेवा.

दोन, रिझोल्यूशन ३०० डीपीआय पुरते. अक्षर बारीक वा पुसट असेल तर ६००. स्कॅनरच्या मूळ क्षमतेपलीकडे आकडा वाढवला तर फाइल फुगते, तपशील वाढत नाही.

तीन, आपोआप पार्श्वभूमी पांढरी करणारी सोय बंद करा. पिवळेपणाबरोबर शिक्काही धुतला जातो. जुन्या पत्राची मागची बाजू आरपार दिसत असेल, तर पानामागे काळा कागद ठेवा.

चार, फाइल फार लहान करू नका. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने २०१३ मध्ये दाखवून दिले, की झेरॉक्सची काही यंत्रे स्कॅन करताना ६ चा ८ करीत होती. फाइल लहान करताना सारखे दिसणारे अंक एकच समजले जात, आणि चुकीचा अंकही अगदी स्वच्छ उमटे. ६२ चे ८२ झाले तर काय होईल, विचार करा! म्हणून मूळ कागद हातात घेऊन प्रत्येक तारीख ताडून पाहा.

प्रत देखणी नसली तरी चालेल. डाग, घड्या राहू द्या. ती खरी असली पाहिजे. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ पासपोर्ट टाकून देऊ नका.