प्रौढांच्या हाती घरचा संगणक



वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांत एकेकाळी निरक्षर माणसाचा व्यवहार शाईत बुडविलेल्या अंगठ्याने होत असे. कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. परंतु अंगठा उमटला की त्या मजकुराचे सारे ओझे त्याच्याच शिरावर येई. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी गेले. मामांची शेती सावकारी कर्जापायी हातची गेलेली त्यांनी पाहिली. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या या संताने पुढे आयुष्यभर, पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शिकवा, असा उपदेश का केला, हे त्यावरून उमगते. अक्षरज्ञान हे केवळ शोभेचे भूषण नसून स्वतःच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचे साधन आहे, हा त्यातील बोध होय.

हाच प्रश्न आज निराळ्या रूपाने उभा आहे. सातबाराचा उतारा, बँकेचे खाते, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, मुलांचे प्रवेशअर्ज ही सारी कामे संगणकावर आली आहेत. उत्तम वाचता-लिहिता येणारा, झोकदार सही करणारा गृहस्थ संगणकासमोर मात्र परक्याच्या हातावर अवलंबून राहतो. आपला संकेतशब्द तो दुसऱ्यास सांगतो, मोबाईलवर आलेला सांकेतिक अंक वाचून दाखवितो आणि पडद्यावर काय भरले गेले हे न पाहताच मान डोलावतो. संकेतशब्द ही या युगातील सही आहे. ती दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठविणे होय. म्हणूनच प्रौढांनी घरच्या घरी संगणक शिकणे ही हौसेची बाब राहिलेली नाही.

शिक्षणाचे प्रयत्न

प्रौढांना संगणक शिकविण्याचा विचार नवा नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९८२ साली दूरदर्शन-मालिकेच्या साहाय्याने सामान्य नागरिकांसाठी संगणक-साक्षरतेचा उपक्रम हाती घेतला आणि त्यासाठी खास घरगुती संगणक तयार करविला. त्याच जातीचे संगणक १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाच्या 'क्लास' या योजनेखाली भारतातील निवडक शाळांत आले. महाराष्ट्रात २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या एम. एस. सी. आय. टी. या अभ्यासक्रमामुळे संगणकाचे प्राथमिक शिक्षण तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातील हरिसाल या मेळघाटातील गावी राज्य शासनाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने २०१६ साली 'डिजिटल गावा'चा प्रयोग केला.

ग्रामीण भागासाठी केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता मोहीम ३१ मार्च २०२४ रोजी समाप्त झाली. तिच्यात सहा कोटींहून अधिक लोकांनी प्रशिक्षण घेतले. तथापि ही मोहीम १४ ते ६० या वयोगटासाठी होती. साठी ओलांडलेल्या व्यक्तींना, तसेच घरकामातून वर्गास जाण्याइतकी सवड न मिळणाऱ्या गृहिणींना, घर हीच शाळा आणि मुलगा, सून वा नातवंडे हेच शिक्षक असतात. पुढील सूचना प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहेत.

जागा, वीज आणि उन्हाळा

संगणक कोठे ठेवावा येथूनच आरंभ करावा. अकोला-अमरावतीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो. संगणकाच्या आत लहानसा पंखा असतो आणि तो आतील उष्णता बाहेर टाकतो. यंत्राची जाळी भिंतीला किंवा पडद्याला चिकटली तर ही उष्णता आतच कोंडते व यंत्र आपोआप बंद पडू शकते. म्हणून मागे व बाजूंना वीतभर मोकळी जागा असावी. लॅपटॉप गादीवर अगर उशीवर ठेवून वापरू नये. त्याखाली लाकडी पाट चालेल. वऱ्हाडातील घरोघरच्या कूलरचा ओलसर झोत मात्र संगणकावर येऊ देऊ नये. त्यातील दमट हवेने धूळ आत चिकटून बसते.

वीज अचानक गेली तर चालू असलेले लिखाण नाहीसे होण्याचा संभव असतो. टेबलावरील संगणकास यूपीएस जोडल्यास काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्याइतका अवधी मिळतो. पावसाळ्यात विजा कडाडत असताना प्लग काढून ठेवणे हिताचे. यंत्र बंद करताना मात्र थेट बटण दाबू नये किंवा प्लग ओढू नये. पडद्यावरील 'शट डाऊन' ही आज्ञा द्यावी. ती दिल्यावर यंत्र उघड्या फाईली आवरून मगच झोपी जाते.

भीती कशी घालवावी

प्रौढ नवशिक्याच्या मनात सर्वांत मोठी अडचण असते ती भीतीची. "चुकीचे बटण दाबले तर यंत्र बिघडेल" हे वाक्य घरोघरी ऐकू येते. वस्तुतः कळ दाबल्याने यंत्र मोडत नाही. चुकून काही पुसले गेले तर 'कंट्रोल' ही कळ दाबून धरावी आणि 'झेड' ही कळ दाबावी. बहुतेक ठिकाणी शेवटची कृती मागे घेतली जाते. नको असलेली खिडकी उघडल्यास 'एस्केप' ही कळ पुष्कळदा सोडवणूक करते. या दोन युक्त्या पहिल्याच दिवशी शिकविल्या तर निम्मी भीती ओसरते.

माऊस हातात बसण्यास काही दिवस लागतात. मायक्रोसॉफ्टने १९९० साली विंडोज ३.० मध्ये पत्त्यांचा 'सॉलिटेअर' हा खेळ दिला होता. माऊसने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवण्याची सवय त्यातून अनेकांना सहज लागली. आजही रोज पंधरा मिनिटे असा खेळ खेळल्यास हात वळतो. दोनदा टिचकी मारणे जमत नसल्यास एकदाच टिचकी मारून 'एंटर' ही कळ दाबावी. कार्य तेच होते. बाण फारच वेगाने पळत असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये त्याची गती कमी करता येते.

चाळिशीनंतर बारीक अक्षर वाचताना डोळे शिणतात. 'कंट्रोल' दाबून धरून अधिकचे चिन्ह दाबल्यास आंतरजालावरील पानाची अक्षरे मोठी होतात आणि वजाचे चिन्ह दाबल्यास लहान होतात. पडद्याचा वरचा काठ डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावा; म्हणजे मानेला ताण पडत नाही.

शिकविणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. नातवाने आजोबांच्या हातून माऊस काढून घेतला की काम क्षणात होते, परंतु आजोबा काहीच शिकत नाहीत. शिकविणाऱ्याने केवळ तोंडाने सांगावे. माऊस शिकणाऱ्याच्याच हाती राहावा. शिकणाऱ्याने शंभर पानी वहीत प्रत्येक कामाच्या पायऱ्या स्वतःच्या अक्षरांत लिहून ठेवाव्यात. स्वतः लिहिलेले चटकन उमजते आणि पुन्हा पुन्हा विचारण्याचा संकोच राहत नाही.

बाराखडी येते त्याला मराठी टंकलेखन येते

इंग्रजी येत नाही म्हणून संगणक येणार नाही, ही समजूत निराधार आहे. मराठीसाठी 'इनस्क्रिप्ट' नावाची कळफलकाची मांडणी असून भारतीय मानक ब्युरोने ती १९९१ साली प्रमाणित केली. तिच्यात साधारणतः डाव्या हाताखाली स्वर व त्यांची चिन्हे आणि उजव्या हाताखाली व्यंजने येतात. क आणि ख, ग आणि घ, त आणि थ, प आणि फ अशा जोड्या एकेका कळीवर बसविल्या आहेत. जोडीतील दुसरे अक्षर 'शिफ्ट' कळ दाबून उमटते. प्राथमिक शाळेत वर्णमाला घोकलेल्या माणसास ही रचना ओळखीची वाटते.

'अकोला' हा शब्द लिहायचा तर अ, क, ओकाराचे चिन्ह, ल आणि काना अशा पाच कळा उच्चाराच्याच क्रमाने दाबावयाच्या. कचेरीत मराठी टंकलेखन यंत्रावर काम केलेल्या निवृत्त कर्मचाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. यंत्रावर 'दिवा' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी द च्या आधी दाबावी लागे. येथे आधी द आणि नंतर वेलांटी. जोडाक्षरासाठी दोन व्यंजनांच्या मध्ये हलन्ताची कळ दाबतात. या पद्धतीने उमटणारा मजकूर युनिकोडमध्ये असतो. त्यामुळे अचलपूरहून पाठविलेले पत्र बाळापूरच्या संगणकावर अथवा परदेशातील मुलाच्या मोबाईलवर जसेच्या तसे वाचता येते.

जतन आणि मांडणी

लिहिलेला मजकूर जतन करण्यासाठी 'कंट्रोल' आणि 'एस' या कळा दर काही मिनिटांनी दाबाव्यात. फाईलीला अर्थपूर्ण नाव द्यावे. 'नवीन १', 'नवीन २' अशा नावांनी वर्षभराने काही सापडत नाही. शेती, बँक, आरोग्य, शिक्षण असे निरनिराळे फोल्डर करावेत आणि नावात वर्ष घालावे. घरातील दस्तऐवजांच्या पिशव्या लावतात तसेच हे आहे. महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत पेनड्राईव्हवर घेऊन कपाटात ठेवावी. एकच प्रत असणे म्हणजे प्रत नसण्यासारखेच आहे.

मुलांनी वापरून सोडलेला जुना संगणक वडीलधाऱ्यांच्या वाट्याला येतो. तो चालवावा, परंतु विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, हे ध्यानात असावे. सुरक्षिततेच्या सुधारणा मिळत नाहीत अशा यंत्रावर पत्रलेखन आणि सराव करण्यास हरकत नाही. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर टाळावेत.

नवी सही सांभाळावी

संकेतशब्द लांब असावा आणि त्यात स्वतःचे नाव, जन्मवर्ष किंवा मोबाईल क्रमांक नसावा. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तर तो लक्षातही राहतो आणि इतरांना ओळखताही येत नाही. बँकेसाठी एक आणि अन्य कामांसाठी दुसरा असे वेगळे संकेतशब्द ठेवावेत. स्मरण राहत नसल्यास वहीत लिहून घरच्या दस्तऐवजांबरोबर कुलपात ठेवावा. पडद्यावर चिठ्ठी चिकटवू नये.

मोबाईलवर येणारा एकवेळचा सांकेतिक अंक दूरध्वनीवरून विचारणाऱ्यास कधीही सांगू नये. तो स्वतःस बँकेचा अधिकारी म्हणवीत असो वा पोलीस. खाते बंद होईल, वीज तोडली जाईल, बक्षीस लागले आहे, अशा संदेशांचा हेतू माणसाला विचार करण्यास वेळ न देण्याचा असतो. अशा वेळी हात आवरावा आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीस विचारावे. तरीही फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. तक्रार जितकी लवकर होईल तितकी पैसे पुढे जाण्यापूर्वी रोखले जाण्याची शक्यता अधिक.

शासकीय संकेतस्थळांच्या पत्त्यांचा शेवट बहुधा 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. शासनाचे नाव सांगणारे पान उघडल्यावर प्रथम हा पत्ता वाचण्याची सवय लावावी.

सरावाचा विषय

सराव नेहमी स्वतःच्या कामावर करावा. महसूल विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या गटाचा सातबारा पाहणे हा शेतकऱ्यासाठी उत्तम धडा आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडता निवडता माऊस आणि कळफलक दोन्ही हाताखाली येतात आणि आपल्या नावापुढील क्षेत्र व नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्या जातात. डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा २०१८ पासून उपलब्ध झाला असून त्याचे शुल्क १५ रुपये आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी मोबाईलवर होते. संगणकावर प्रत्येक पान वाचून मगच पुढे जाण्याची सवय लागली असेल, तर कपाशी, तूर वा सोयाबीनची नोंदही शेतकरी स्वतः तपासून करू शकेल.

दररोज अर्धा तास याप्रमाणे दोन महिने सराव केला तर पत्र लिहिणे, उतारा पाहणे, कागद जतन करणे आणि संदेश पाठविणे ही चार कामे कोणत्याही प्रौढास साधतील. काही बाबतींत दुसऱ्याची मदत पुढेही लागेल आणि तीत कमीपणा नाही. मात्र मदतनीस शेजारी बसलेला असताना पडद्यावरील मजकूर स्वतः वाचणे, समजले नाही तेथे थांबणे आणि शेवटची कळ स्वतःच्या बोटाने दाबणे, एवढे तरी प्रत्येकाने करावे.