पाच साळी आणि मुलांची गोष्ट

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



समाजातील अनेक मुलांना भक्तामर स्तोत्र मुखोद्गत असते. परंतु मराठी गोष्टीचे एक पान हाती दिले, की तीच मुले अडखळतात. इंग्रजी माध्यमाला दोष देऊन पालक मोकळे होतात. तथापि ज्या घरात गोष्ट सांगितलीच जात नाही, तेथे ती वाचण्याची भूक तरी कोठून यावी?

काही वडीलधाऱ्यांच्या मनात निराळीच शंका असते. कल्पित गोष्ट म्हणजे न घडलेले सांगणे. मग मुलाला ती लिहावयास शिकविणे सत्याणुव्रताशी कसे जुळावे? शंका प्रामाणिक आहे, तिला हसण्याचे कारण नाही. मात्र तिचे उत्तर पूर्वाचार्यांनीच देऊन ठेवले आहे. उद्द्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे ‘कुवलयमाला’ पूर्ण केली. तीत क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांना चंडसोम, मानभट, मायादित्य, लोभदेव आणि मोहदत्त अशी माणसांची रूपे मिळाली. दहाव्या शतकातील हरिषेणांच्या ‘बृहत्कथाकोशा’त १५७ कथा आहेत. (या दोन्ही ग्रंथांचे संपादन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी केले, हे समाजातील तरुणांस सहसा ठाऊक नसते.) असत्याचे मूळ फसविण्याच्या हेतूत असते. रोजमेळात खोटी रक्कम मांडणे हे पाप. परंतु ‘एक होता राजा’ म्हणताना सांगणारा आणि ऐकणारा दोघेही जाणून असतात.

आता प्रत्यक्ष रीत. ज्ञाताधर्मकथेतील रोहिणीची कथा घ्यावी. राजगृहाचा धन्य सार्थवाह आपल्या चार सुनांना साळीचे पाच-पाच दाणे देतो आणि मागेन तेव्हा परत करा, असे सांगतो. उज्झिका ते टाकून देते, भोगवती खाऊन टाकते, रक्षिका रत्नांच्या पेटीत जपून ठेवते. पाचव्या वर्षी सासरा दाणे मागतो. येथे सांगणाऱ्याने थांबावे आणि रोहिणीने काय केले असेल, ते मुलाला विचारावे. मुलाचे उत्तर चुकीचे ठरवू नये. ते ऐकून घ्यावे आणि मग पुस्तक त्याच्या हाती द्यावे. रोहिणीने दाणे पेरविले होते आणि ते परत आणण्यासाठी तिने गाड्या मागितल्या, हे मूल स्वतः शोधून वाचते. अडलेला शब्द तेवढा सांगावा. रोज पंधरा मिनिटे पुरेत. परंतु ती रोज मिळाली पाहिजेत.

भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षकही वर्गाला प्रथम गोष्टच सांगतो, धडा नव्हे.

लेखनाचा आरंभ बोलण्यातून व्हावा. लहान मुलाने सांगावे, आजीने किंवा वडिलांनी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि मग त्याला वाचावयास द्यावे. आपले बोलणे कागदावर उमटलेले पाहून मुलाला जो हर्ष होतो, तो बक्षिसाने होत नाही. थोड्या मोठ्या मुलांसाठी लेश्यांचा दृष्टांत उत्तम. जांभळीखाली सहा भुकेले पुरुष. एक झाड मुळासकट तोडू पाहतो, तर शेवटचा खाली पडलेली फळेच वेचतो. प्रत्येकाच्या तोंडी दोन वाक्ये घालावयास सांगावे. पहिल्याला दुष्ट म्हणून मूल मोकळे होईल. तेव्हा तो किती दिवसांचा उपाशी होता, असे विचारावे. येथपासून पात्र जिवंत होऊ लागते. ऱ्हस्व-दीर्घाची लाल खूण पहिल्या खर्ड्यावर करू नये. कापड बेतण्यापूर्वीच काजे-बटणांचा हट्ट कोणी धरीत नाही.

पाठशाळांच्या स्पर्धांत कथेखाली तात्पर्य लिहिण्याची सक्ती असते. ती काढून टाकणे इष्ट. तात्पर्य आधी ठरले, की मुले गोष्ट लिहीत नाहीत, परीक्षकाला हवे ते लिहितात. मग तीस वह्यांत एकच कथा सापडते.

याउलट एखादी मुलगी विचारील, की भोगवतीने दाणे खाल्ले तेव्हा तिच्या मनात काय होते? तिला भूक लागली होती, की सासऱ्याचा प्रसाद म्हणून तिने ते खाल्ले? अशा वेळी वडीलधाऱ्यांनी उत्तर देण्याची घाई करू नये. वही आणि पेन्सिल तिच्यापुढे ठेवावी.