अर्जाची तारीख, हक्काची पहिली पायरी

(पनवेल येथे बौद्ध कुटुंबांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शासनाचे साहाय्य मिळण्यास विलंब का होतो आणि त्यावर आपण काय करावे, या विषयावर मी बोलावे अशी चालकांची आज्ञा आहे. विषय दिसायला रुक्ष आहे. परंतु या सभेत असे एकही घर नसेल की, ज्या घरातील कोणी ना कोणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, जातीच्या प्रमाणपत्रासाठी, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा विधवा आईच्या अनुदानासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या नाहीत. ज्या प्रश्नाने आपल्या चुलीवर परिणाम होतो तो प्रश्न रुक्ष म्हणून बाजूला सारता येत नाही.

आपण ज्या जिल्ह्यात राहतो त्यास १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत असत. याच जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी काय झाले होते आणि त्यानंतर काय झाले, याचा आपण पुरेसा विचार करीत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे हक्क कागदावर आला होता, पाणी मात्र ओंजळीत आले नव्हते. पुढे सत्याग्रह झाला आणि प्रतिपक्ष कोर्टात गेला. १२ डिसेंबर १९२७ रोजी दावा दाखल झाला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम निघाला. त्या दाव्याचा महाडच्या कोर्टातील निकाल १९३१ साली लागला. त्यावरील अपील १९३३ साली फेटाळले गेले आणि मुंबई हायकोर्टाचा अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्याच्या हक्कावर कायद्याची मोहोर उमटण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली!

या दहा वर्षांत बाबासाहेबांनी काय केले? डिसेंबर १९२७ च्या परिषदेसाठी हजारो लोक महाडला जमले असतानाही त्यांनी मनाईहुकूम मोडला नाही. त्यांनी कागद जपले, तारखा सांभाळल्या, साक्षीपुरावे उभे केले आणि एकाही पायरीवर दावा सोडला नाही. चवदार तळ्याचा संग्राम जसा ओंजळीने लढला गेला तसाच तो दप्तरानेही लढला गेला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण आपल्या धर्मांतराचेच घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो लोकांनी धम्माचा स्वीकार केला. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राखलेला होता आणि १९५६ साली त्यात शिखांची भर पडली होती. बौद्ध झालेला मनुष्य त्या यादीतून बाहेर पडला. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या, परंतु केंद्राचे दार उघडण्यास १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे! १९५६ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा १९९० साली चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता. केंद्राच्या नोकरीत शिरण्याचे वय त्याच्या हातून केव्हाच निघून गेले होते. त्याला कोणी ‘नाही’ म्हटले असे त्या मुलास कदाचित कधी वाटलेही नसेल. त्याला केवळ ‘थांबा’ म्हटले गेले. गरिबाच्या आयुष्यात ‘थांबा’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांत फारसे अंतर नसते.

आता आजच्या काळाकडे वळू. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. २०२३ साली तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. समजा, एखाद्या विधवा भगिनीचा अर्ज अकरा महिने पडून राहिला आणि मंजुरीनंतरच अनुदान सुरू झाले. तिचे १६,५०० रुपये बुडाले. ते कोणी चोरले नाहीत आणि कोणी खाल्लेही नाहीत, पण तिच्या घरातील पीठ मात्र तेवढे कमी झाले. हाच हिशेब शिष्यवृत्तीलाही लागू आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली आणि व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी त्यासाठी खटपट केली होती. ती रक्कम परीक्षा संपल्यावर हाती पडली, तर मधल्या काळात बापाने काढलेल्या कर्जाचे व्याज कोणी भरावयाचे?

विलंब कसा होतो हे मी स्वतः पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका वृद्ध मावशींसोबत मी एका कचेरीत गेलो होतो. त्यांनी सात महिन्यांपूर्वी अर्ज दिला होता. कारकुनाने विचारले, “पावती आहे?” पावती नव्हती. “अर्जाचा नंबर?” तोही नव्हता. त्या म्हणाल्या, “बाबा, मी तुझ्या हातातच कागद दिला होता रे.” कारकून उद्धट नव्हता. त्याने दोन गठ्ठे चाळले आणि नवा अर्ज करावयास सांगितले. दरम्यान मावशींच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली होती, तेव्हा तो दाखला काढण्यापासून पुन्हा प्रारंभ झाला. परत येताना मावशी एवढेच म्हणाल्या, “माझे सात महिने कुठल्या वहीत लिहायचे?” या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मजपाशी नव्हते. आज जे सांगणार आहे ते त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

बांधवहो, पावतीवाचून दिलेला अर्ज म्हणजे विनवणी होय. तारीख आणि नंबर असलेला अर्ज म्हणजे हक्काची मागणी होय. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम झाला. या कायद्याखाली ज्या सेवा अधिसूचित झालेल्या आहेत, त्या ठरलेल्या मुदतीत देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. उदाहरणार्थ, उत्पन्नाच्या दाखल्यास पंधरा दिवसांची मुदत आहे. कोणती सेवा किती दिवसांत मिळावी आणि न मिळाल्यास अपील कोणाकडे करावे, याचा फलक कचेरीत लावलेला असला पाहिजे. तो वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बरोबर न्या आणि तिच्याकडून वाचून घ्या. अर्ज नाकारला तर कारणे लेखी मिळाली पाहिजेत. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला, तर तीस दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. त्यानंतर दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. सबळ कारणावाचून विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते.

जी सेवा या कायद्यात येत नाही तिच्यासाठीही मार्ग आहे. ज्याला लोक दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, तो २००६ पासून अमलात आहे. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्यापाशी सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे त्यात सांगितले आहे. आपली फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे, हे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे शुल्क भरून विचारता येते. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अडलेली फाईल कोठे अडली आहे हे लेखी विचारले की, पुष्कळदा उत्तर येण्यापूर्वी फाईलच हलते.

परंतु सर्व दोष कचेरीच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. अपुरा अर्ज पुढे सरकत नाही आणि आपले अर्ज पुष्कळदा अपुरे असतात. विशेषतः जातीच्या प्रमाणपत्राबाबत ध्यानात ठेवा की, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. तसेच आपले वाडवडील त्या वेळी जेथे राहत होते तेथील अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे या भागांत कामधंद्यासाठी कोकणच्या इतर तालुक्यांतून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांचे कागद गावी आहेत. आजोबांच्या शाळेचा दाखला, जन्ममृत्यूच्या नोंदीचा उतारा, जुना सातबारा हे कागद दहावीचा निकाल लागल्यावर शोधू लागू नका. मुलगा आठवीत असतानाच गावी जा आणि नकला काढून आणा. ज्यांनी नुकताच धम्म स्वीकारला आहे त्यांना तर माझे विशेष सांगणे आहे. बौद्ध झाल्याने आता सवलत जात नाही, परंतु मूळ जातीचा पुरावा मागितला जातोच. अभिमानाच्या भरात जुने दाखले फाडून टाकू नका. ती जात आपण सोडली आहे, पण तिने केलेल्या अन्यायाचा पुरावा मात्र आपल्याच पेटीत राहिला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. ‘साहेबाला सांगून काम करून देतो’ म्हणणारा मध्यस्थ प्रत्येक कचेरीच्या दारात उभा असतो. त्यास पैसे देणे म्हणजे आपला हक्क विकत घेणे होय. विकत घेतलेली वस्तू हक्क राहत नाही.

म्हणून माझी एकच सूचना आहे. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. त्या वहीत पाच रकाने असावेत: अर्जदाराचे नाव, कशासाठी अर्ज, पावतीचा नंबर, दिल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख. दर रविवारी वंदना झाल्यावर शिकलेल्या दोन तरुणांनी अर्धा तास ती वही उघडून बसावे. ज्याची मुदत संपली असेल त्याचे अपील तेथेच लिहावे. जो एकटा कचेरीत जाण्यास बिचकतो त्याच्यासोबत कोणी तरी जावे. यास वर्गणी लागत नाही आणि पुढारीही लागत नाही. भगवान बुद्धांनी अप्रमादाला फार मोठे स्थान दिले आहे. अप्रमाद म्हणजे सदैव जागे राहणे. आपल्या शेजारणीच्या अर्जाची मुदत केव्हा संपते हे ठाऊक असणे, हाही अप्रमादच आहे.

त्या मावशी आज हयात नाहीत. त्यांचे सात महिने कोणत्याही वहीत लिहिले गेले नाहीत. आपल्यापैकी कोणाचेही महिने यापुढे असे बेनोंद जाऊ नयेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जयभीम.