हात आपला आहे, हिशोबही आपला हवा

(रे रोड परिसरातील तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो आणि बहिणींनो, आपण आज जिथे बसलो आहोत त्या रे रोडला १८८५ ते १८९० या काळातल्या मुंबईच्या गव्हर्नरचं, लॉर्ड रे यांचं नाव आहे. हार्बर मार्गावरची गाडी इथे १९१० साली आली. तेव्हापासून बंदराच्या आधाराने इथे कामधंदा वाढला. लाकडाच्या वखारी, दारूखान्यातलं लोखंड आणि भंगार, मार्बल-ग्रॅनाइटचे गाळे. या गाळ्यांमध्ये कटर चालवणारे, कडा घासणारे, पॉलिश मारणारे किती तरी हात आपल्या घरांतले आहेत. आज मला एवढंच विचारायचं आहे की, ज्याला काम येतं तो वीस वर्षांनीही रोजावरच का राहतो? आणि त्याला स्वतःचा धंदा काढायचा असेल तर काय करावं लागेल?

आधी एक गैरसमज दूर करतो. या धंद्यासाठी पहिल्याच दिवशी मोठा गाळा आणि मोठं मशीन लागत नाही. खाणीतून निघालेला ठोकळा कापून स्लॅब करण्याचं काम बहुतेक मकराणा, किशनगड, राजनगर अशा ठिकाणीच होतं. आपल्याकडे येते ती तयार स्लॅब. आपलं काम म्हणजे ती मापात कापणं, कडेला गोलाई देणं, सिंकचं भोक काढणं, बसवल्यावर पॉलिश करणं. सुरुवात घराघरांतल्या फरशी पॉलिशने करा. मग दुसऱ्यांच्या मालावर मजुरीने मोल्डिंगची कामं घ्या. गिऱ्हाईक टिकलं, तर तिसऱ्या पायरीवर गाळा. अनेकजण ही पायरी पहिली धरतात आणि भाडं भरता भरता संपतात.

गाळ्याबद्दल इथे एक खास सावधगिरी हवी. रे रोडच्या पूर्वेकडची बरीचशी जमीन पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची, म्हणजे आताच्या मुंबई पोर्ट अथॉरिटीची आहे. बंदराच्या या पट्ट्याच्या पुनर्विकासाची चर्चा किती तरी वर्षं चालू आहे. म्हणून पैसे देण्याआधी विचारा: मूळ भाडेपट्टा कोणाच्या नावावर आहे? त्याची मुदत संपली आहे का? पोटभाडेकरू ठेवायची परवानगी आहे का? ‘इथे सगळं असंच चालतं’ हे उत्तर मिळालं, तर त्या गाळ्यात महागडं मशीन पक्कं बसवू नका.

आता हिशोब. समजा ३६ चौरस फुटांची स्लॅब १०० रुपये फुटाने आणली. झाले ३,६०० रुपये. त्यातून कामाला लागले २७ फूट, बाकी तुकडे. म्हणजे तुम्हाला फूट १०० ला नाही, १३३ ला पडला. कारागिराला हा आकडा दिसत नाही, कारण माल मालकाचा असतो. मालक झालात की तो तुमच्या खिशातून जातो. त्यात ब्लेडची झीज, पॉलिशचे पॅड, वीज, टेम्पो, हमाली आणि तुमची स्वतःची मजुरी धरा. स्वतःची मजुरी न धरता भाव देणारा माणूस धंदा करत नाही, दुसऱ्याला सूट देत असतो.

माप घेताना घाई नको. लालबाग-परळच्या जुन्या चाळींत भिंतींचे कोपरे काटकोनात सापडणं कठीण. पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा साचा काढा. सिंक आणि शेगडी समोर आल्याशिवाय भोक कापू नका. कापलेला दगड परत जोडला जात नाही.

आणि गिऱ्हाइकाला खरं सांगा. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर लिंबू, चिंच, कोकम सांडलं की आम्ल दगड खातं आणि पॉलिश उडतं. ओट्याला पांढरं मार्बल मागणाऱ्या बाईंना हे आधीच सांगा, ग्रॅनाइट दाखवा. चीर रेझिनने भरलेली असेल तर बोट ठेवून दाखवा. मालातली खोट लपवू नये ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती गाळ्यातही लागू होते.

आता कागदाकडे येतो. पहिल्याच वर्षी मी एका कंत्राटदाराकडून तीन मजल्यांच्या जिन्याचं काम घेतलं. पायऱ्यांची नाकं गोल करून पॉलिश करायचं होतं. भाव तोंडी ठरला. काम संपल्यावर तो म्हणाला, “भाव रनिंग फुटाचा नव्हता, नगाचा होता.” माझ्याकडे दाखवायला चिठ्ठीसुद्धा नव्हती. निम्म्या पैशांवर तडजोड केली आणि दोन पोरांची मजुरी घरातून दिली. मित्रांनो, सूरह बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगते. आणि आपण मात्र लिहायला लावणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास समजतो. लिहिल्याने नातं बिघडत नाही, न लिहिल्याने बिघडतं. आता मी भाव, एकक, मुदत आणि आगाऊ रक्कम व्हॉट्सॲपवर तरी लिहून पाठवतो आणि समोरून ‘होय’ आल्याशिवाय मशीन चालू करत नाही.

काम घेण्याआधी उद्यम नोंदणी करा. २०२० पासून ती ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाकडे जाऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. पण तिथेही पहिला प्रश्न हाच असतो: बिल कुठे आहे?

भाऊ-भाऊ किंवा दोस्त मिळून धंदा करणार असाल तर भागीदारीचा करार करा आणि फर्मची नोंदणीही करा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले पैसे वसूल करायला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. वडिलांच्या पश्चात त्यांचा गाळा वापरत असाल तर त्यात बहिणीचाही वाटा आहे, हे विसरू नका. तिला भागीदार करा. हिशोबाची वही अनेक घरांत तीच जास्त नीट ठेवेल.

भांडवलाचं काय? मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या योजनाही पाहा. व्याजाबद्दल काहींच्या मनात अडचण असते. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा निर्णय आहे, मी त्यात बोलणार नाही. पण बँक नको म्हणून जो गल्लीतल्या सावकाराकडे जातो, तो व्याजापासून सुटत नाही, फक्त पावतीपासून सुटतो. बँक नकोच असेल तर नफ्या-तोट्यात वाटा घेणारा भागीदार शोधा, जुनं मशीन घ्या, गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घ्या.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपल्या गाळ्यात फक्त मार्बल येत नाही. ग्रॅनाइट येतो, क्वार्ट्झची कृत्रिम स्लॅबही येते. मार्बलमध्ये सिलिका कमी, ग्रॅनाइटमध्ये बरीच, आणि क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास असू शकते. ही धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि क्षयाचा धोकाही वाढवतो. दगडकामगारांच्या अशा आजारांसाठी राजस्थानने २०१९ मध्ये वेगळं धोरण आणलं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे मात्र तोंडाला रुमाल बांधून कोरडं कटिंग चालतं. रुमालाने बारीक धूळ थांबत नाही. चांगला मास्कही दाढीवर घट्ट बसत नाही, बाजूने हवा येते. म्हणून भरवसा पाण्यावर ठेवा. पात्यावर सतत पाणी सोडूनच कापा. पाणी आणि वीज एकत्र आली की शॉकचा धोका, म्हणून नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. दगडाचा गाळ गटारात सोडू नका, तो घट्ट होऊन नाली तुंबवतो. टाकीत बसू द्या, वरचं पाणी पुन्हा वापरा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची चौकशी आधीच करा.

आणि वजनाचा अंदाज ठेवा. ८ बाय ४ फुटांची, १८ मिलिमीटर जाडीची स्लॅब साधारण १४५ किलो भरते. ती एकट्या पोराला सरकवायला लावू नका.

हा खर्च वाटेल, पण तो भावात धरा. आपण स्वतः दुसऱ्याच्या गाळ्यात खोकलो आहोत. उद्या आपल्या गाळ्यात कोणाचा तरी मुलगा खोकणार असेल, तर मालक बदलला एवढंच होईल, बाकी काही बदलणार नाही. मजुरी वेळेवर द्यायची, तसाच श्वासही सुरक्षित ठेवायचा. माझ्या मते हलाल कमाईच्या हिशोबात हेही येतं.

या आठवड्यात तीन गोष्टी करा. उद्यमची नोंदणी करा. गेल्या महिन्यातल्या एका कामाचा खरा खर्च वहीत मांडा. आणि जिथे काम करता तिथल्या मालकाला पाण्याची नळी पात्यापर्यंत आणायला सांगा. तो नाही म्हणाला तर आम्हाला येऊन सांगा, आपण मिळून त्याच्याशी बोलू.