गणिती कोसंबी



दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव काढलं की मराठी माणूस थेट इतिहासात शिरतो. भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा १९५६ सालचा ग्रंथ, कार्ल्याची लेणी, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती. हे सगळं मोठंच आहे, पण आज मी ते बाजूला ठेवणार आहे. या माणसाचा पेशा गणिताचा होता. पगार मिळायचा तो गणिताचा. आणि जालन्यात त्यांच्यावर बोलायचं तर गणितावरच बोललं पाहिजे. का, ते पुढे सांगतो.

चरित्र थोडक्यात. जन्म गोव्यातला, ३१ जुलै १९०७. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे थोर पंडित. ते हार्वर्ड विद्यापीठात कामाला गेले तेव्हा १९१८ मध्ये मुलगाही अमेरिकेला गेला. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. सायबरनेटिक्सचा पाया घालणारे नॉर्बर्ट वीनर यांच्याशी मैत्री त्याच काळातली. परत आल्यावर बनारस, मग अलीगढ. अलीगढला आंद्रे वेइल या तरुण फ्रेंच गणितज्ञाच्या नादानं त्यांनी एक चावटपणा केला. १९३१ मध्ये ‘बुर्बाकी’ नावाच्या, कधी अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयावर त्यांनी गंभीर चेहऱ्यानं शोधनिबंध छापला. पुढे फ्रान्सच्या गणितज्ञांनी हेच नाव घेऊन विसाव्या शतकातल्या गणिताची मांडणी बदलली. छापील गणितात या टोपणनावाचा पहिला उल्लेख आपल्या कोसंबींचा आहे, हे आपण पोरांना सांगायला हवं.

१९३२ ते १९४५ ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात होते. वर्ग, पेपर तपासणं, युद्धाची महागाई, आणि परदेशी नियतकालिकं उशिरा पोचणारी. अशात १९४२, ४३, ४४ या तीन वर्षांत त्यांनी जे केलं ते मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत विलक्षण वाटतं.

१९४२ मध्ये त्यांनी नाण्यांची झीज मोजली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एकेका नाण्यावरून काही कळत नाही, पण हजारो आहत, म्हणजे ठसे उमटवलेली प्राचीन नाणी तराजूत घातली तर सरासरी वजनाच्या घटीवरून कोणती नाणी किती काळ चलनात होती ते सांगता येतं. हे काम हातानं करायचं म्हणजे आकड्यांचे डोंगर उपसायचे.

१९४३ मध्ये त्यांनी एक प्रमेय मांडलं. एखादी वेडीवाकडी, यदृच्छेनं बदलणारी राशी घ्या. तिचे स्वतंत्र घटक असे पाडता येतात की पहिल्या काही घटकांतच बहुतेक माहिती येते आणि उरलेले सोडले तरी फारसं बिघडत नाही. फिनलंडचे कारुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह हे तीन-चार वर्षांनी स्वतंत्रपणे तिथेच पोचले. जगानं प्रमेयाला त्या दोघांची नावं दिली. कोसंबींचं नाव त्यांच्याआधी जोडायला अलीकडे सुरुवात झाली आहे. संगणकाला चेहरा ओळखायला शिकवण्याच्या सुरुवातीच्या पद्धती याच तत्त्वावर उभ्या होत्या.

आणि १९४४. आता जालन्याकडे येतो. महिको ही बियाण्यांची कंपनी १९६४ मध्ये इथे सुरू झाली, तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे तुम्हाला मी सांगायला नको. बियाण्याच्या संशोधनात जनुकांचा नकाशा काढतात. कोणतं जनुक गुणसूत्रावर कुठे आहे, हे त्यातून कळतं. दोन जनुकं जितकी दूर, तितकी पुढच्या पिढीत त्यांची ताटातूट अधिक वेळा होते. मग ताटातुटीची टक्केवारी हेच अंतर मानायचं का? नाही. जालना ते अंबड आणि अंबड ते घनसावंगी ही अंतरं बेरजेत मिळवली की एकूण रस्ता निघतो. टक्केवारीची अशी बेरीज होत नाही, कारण मधल्या मध्ये गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोनदा अदलाबदल झाली तर जनुकं पुन्हा जागच्या जागी दिसतात. जनुकशास्त्रज्ञ हॅल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर एक सूत्र दिलं होतं. त्यात गृहीत असं की एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर काही परिणाम होत नाही. प्रत्यक्षात होतो, एक झाली की जवळपास दुसरी होणं अवघड जातं. कोसंबींनी हा अडथळा सूत्रात आणला. ताटातूट २० टक्के असेल तर हॅल्डेन यांच्या सूत्रानं अंतर येतं २५.५ सेंटिमॉर्गन, कोसंबींच्या सूत्रानं २१.२. नकाशा काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही विचारतात, हॅल्डेन की कोसंबी? कापसावर, मक्यावर, मिरचीवर काम करणारा संशोधक जगात कुठेही ते बटण दाबतो. आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की तो कोसंबी म्हणजे पुण्याचा, गोव्याचा, मराठी बोलणारा?

१९४५ मध्ये अणुशास्त्रज्ञ होमी भाभांनी त्यांना मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. पुण्याचं घर सोडलं नाही. डेक्कन क्वीननं ये-जा. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेला गेले, आणि विषय होता इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रं. काळ बघा. मँचेस्टरच्या यंत्रानं स्मृतीत साठवलेला पहिला प्रोग्रॅम चालवला जून १९४८ मध्ये. प्रिन्स्टनला गणितज्ञ फॉन नॉयमन यांचं यंत्र अजून बांधलं जात होतं आणि कोसंबी तिथे त्यांच्याशी चर्चा करत होते. ज्यानं हातानं आकड्यांचे डोंगर उपसले, त्याला या यंत्राचं मोल दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढे भारताचा पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक याच संस्थेत तयार झाला. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये, पूर्ण यंत्र १९६० मध्ये. टिफ्रॅक हे नाव १९६२ मध्ये मिळालं. काम रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांचं, आणि ते फार चांगलं झालं. पण कोसंबींचं नाव त्या यंत्राशी जोडलं गेलं नाही. अणुऊर्जेवरून भाभांशी त्यांचं बिनसत गेलं होतं. भारतासारख्या उन्हाच्या देशानं सूर्याची ऊर्जा वापरावी असं ते १९५० च्या दशकात सांगत होते. जालन्याचा मे महिना अंगावर घेणाऱ्यांना ते आज पटेल. तेव्हा सत्तेला रुचणारं नव्हतं. दोष एकाच बाजूचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. कोसंबी फटकळ होते. १९५९ मध्ये अविभाज्य संख्यांविषयीचं रीमानचं गृहीतक संभाव्यतेच्या मार्गानं सिद्ध केल्याचा दावा त्यांनी शेतीविषयक संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. तो टिकला नाही, आणि गणितज्ञांत त्यांची पत घसरली. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांचा करार वाढवला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या ५८ व्या वर्षी ते गेले.

माझं मत विचाराल तर त्या बेबनावात नुकसान देशाचं झालं. वाट्टेल त्या विषयातला कच्चा आकडा घेऊन त्याचं गणित करणारा माणूस आणि आकडे गिळणारं यंत्र एकाच संस्थेत होते, आणि त्यांची गाठ पडली नाही.

त्यांचे निवडक गणिती लेख २०१६ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपानं आले. जनुकनकाशावरचा १९४४ चा मूळ लेख अवघ्या चार पानांचा आहे आणि त्यातलं शेवटचं सूत्र बारावीच्या लॉगॅरिदमच्या पलीकडे जात नाही. या सभागृहात कृषी पदवीधर आहेत, गणिताचे शिक्षकही आहेत. तुम्ही दोघांनी एकत्र बसून ती चार पानं मराठीत आणावीत, एवढी माझी विनंती आहे.