विठ्ठलाच्या गावातील जप्ती

(दोडामार्ग येथे चित्रपट पाहिल्यानंतर कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



परेश मोकाशी यांचा २०१४ सालचा 'एलिझाबेथ एकादशी' हा चित्रपट आपण आताच पाहिला. उत्कृष्ट बालचित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले असल्यामुळे माझे लक्ष मात्र त्यातील कर्जाकडे गेले.

पंढरपुरातील एक विधवा यंत्रावर स्वेटर विणून घर चालविते. कर्ज थकते आणि बँक ते यंत्रच उचलून नेते. ज्या साधनाने कर्ज फिटावयाचे तेच नेल्यावर ते फिटणार कशाने? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळली आहेत. परंतु हे संरक्षण न्यायालयीन हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीपुरते आहे. यंत्रच तारण दिलेले असेल तर ते सहसा उपयोगी पडत नाही. आणि गरिबाजवळ तारण ठेवण्यास दुसरे असते तरी काय?

उरते ती दिवंगत वडिलांनी स्वतः बनविलेली सायकल, 'एलिझाबेथ'. ती विकली जाऊ नये म्हणून मुले एकादशीच्या यात्रेत बांगड्या विकू पाहतात. या घरात विठ्ठल आहे, पण तो हप्ता भरील या भरवशावर कोणी बसलेले नाही. ज्ञानेशच्या मनात तर संतांच्या पंक्तीला न्यूटनही आहे. श्रद्धा येथे माणसांना एकमेकांशी बांधून ठेवते. पोटाची सोय श्रमानेच करावी लागते.

आपल्या जत्रांतही हेच दिसते. देवळात गाऱ्हाणे घालून रात्रभर खाज्याच्या दुकानावर बसणारी बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला अंधश्रद्ध म्हणून बाजूला सारणारा कार्यकर्ता आणि मतांसाठी तिच्या देवापुढे हात जोडणारा पुढारी, दोघेही तिच्या कर्जाची चौकशी करीत नाहीत.

साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. भाविकांची त्यांनी टवाळी केली नाही आणि मंदिरातील अन्यायापुढे मानही तुकविली नाही. समाजवाद्यांना हा मार्ग परका नाही.

म्हणून एवढेच सांगतो. आपापल्या गावी कोणाचे शिवणयंत्र, कोणाची रिक्षा तारण आहे याची नोंद करा. थकबाकीदाराला मुदत मिळावी व उपजीविकेचे साधन अगदी शेवटी जप्त व्हावे, ही मागणी घेऊन बँकेच्या दारी जा. त्या बाईला बरोबर न्या, आणि बोलणे तिलाच करू द्या.